हँडहेल्ड गेममधलं संगीत काढताना या चुका टाळा

गेमची फाइल उघडली, आतून दोन-चारशे तुकडे निघाले, एकेक वाजवून पाहिला तर कुठे बासरीसारखा एकच सूर, कुठे ढोलाचा एक ठोका. धून कुठेच नाही. इथे बहुतेक जण टूल बिघडलंय असं समजून दुसरं उतरवतात, मग तिसरं. टूल बिचारं बरोबर असतं. आपण तयार गाणं शोधत असतो आणि आत असतात फक्त वाद्यं, अन् कोणत्या क्षणी कोणता सूर लावायचा याची यादी.

कारण साधं आहे: जागा नव्हती. सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज मिनिटाला साधारण १० एमबी खातो. निन्टेन्डोच्या गेम बॉय ॲडव्हान्स या हातात धरून खेळायच्या यंत्राच्या गेमला कार्ट्रिजवर (गेमच्या प्लास्टिकच्या डबीवर) जास्तीत जास्त ३२ एमबी मिळायचे. गेम बाजूला ठेवून नुसतं संगीत भरलं तरी तीन मिनिटांत कार्ट्रिज भरलं असतं. त्याआधीचा, १९८९ च्या गेम बॉयवरचा टेट्रिस तर ३२ केबीत बसवला होता. म्हणून कोणतंही टूल उघडण्याआधी एकच प्रश्न विचारा: या फाइलमध्ये आवाज साठवलाय, की आवाज तयार करण्याच्या सूचना?

मूळ गेम बॉय: काढण्यासारखा आवाजच नाही

गेम बॉयच्या चिपमध्ये चार चॅनेल आहेत. दोन चौकोनी लहरींचे, एक छोट्या लहरीचा आणि एक खरखरीचा. सूर तिथल्या तिथे तयार होतात. जीबीएस फाइल म्हणजे गेममधला संगीत वाजवणारा प्रोग्रामच कापून वेगळा केलेला असतो, आणि तो चालवायला गेम बॉयच्या प्रोसेसरची नक्कल करणारा प्लेअर लागतो. ही फाइल एखाद्या ऑनलाइन कन्व्हर्टरवर चढवून एमपी३ मागणारे हमखास हात हलवत परत येतात. दुसरी गंमत म्हणजे गेममधल्या सगळ्या धुना एकाच जीबीएसमध्ये असतात. पहिला क्रमांक कधी शांतता असतो, कधी बटण दाबल्याचा आवाज. तो ऐकून फाइल डिलीट करू नका, पुढचे ट्रॅक क्रमांक चाळा.

निन्टेन्डो डीएस: तीन फाइलींची साखळी

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. डीएसच्या बहुतेक गेममध्ये संगीत एसडॅट नावाच्या गठ्ठ्यात असतं. त्यात एसएसइक्यू म्हणजे सुरांची यादी, एसबीएनके म्हणजे कोणतं वाद्य कसं वाजेल याची नोंद आणि एसडब्ल्यूएआर म्हणजे वाद्यांचे नमुने, त्यांच्या आवाजाचे छोटे तुकडे. तिन्ही एकत्र आल्या तरच गाणं वाजतं. सुरुवातीला सांगितलेले ते दोन-चारशे तुकडे बहुधा एकट्या एसडब्ल्यूएआरमधून आलेले असतात. काही गेममध्ये एसटीआरएम नावाच्या फाइलीही असतात. त्यात मात्र खरोखर रेकॉर्ड केलेला आवाज असतो आणि व्हीजीएमस्ट्रीम हे गेममधला रेकॉर्ड केलेला आवाज वाजवणारं टूल त्या सरळ वाजवतं. तेच व्हीजीएमस्ट्रीम एसएसइक्यूला हात लावत नाही, कारण ते त्याचं कामच नाही.

एसएसइक्यूसाठी व्हीजीएमट्रान्स हे टूल चांगलं आहे. त्यातून मिडी, म्हणजे आवाज नसलेली नुसत्या सुरांची फाइल निघते आणि इथेच पुढची चूक होते. नुसती मिडी सेव्ह करून कॉम्प्युटरवर लावली की गंभीर धून भलत्याच वाद्यांवर वाजते. मिडीत फक्त वाद्याचा क्रमांक असतो. गेमच्या यादीत त्या क्रमांकावर काहीही असो, कॉम्प्युटर आपल्या यादीतलं वाद्य लावून मोकळा होतो. त्यामुळे मिडीसोबत एसएफ२ साउंडफॉन्ट, म्हणजे गेमच्या वाद्यांचा संचही सेव्ह करा आणि तोच लोड करा. तरीही सूर कसा चढतो, कसा विरतो यात थोडा फरक राहतोच. हुबेहूब आवाज हवा असेल तर २एसएफ फॉरमॅटकडे जा, त्यात डीएसचीच नक्कल चालते.

२एसएफचा स्वतःचा एक सापळा आहे. संचात मिनी२एसएफ नावाच्या इवल्याशा फाइली असतात आणि एक मोठी २एसएफलिब. सगळा ऐवज त्या मोठ्या फाइलमध्ये असतो. छोट्या फाइली दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवल्या, किंवा मोठीचं नाव बदललं, की सगळं मुकं. गेम बॉय ॲडव्हान्सच्या मिनीजीएसएफचंही असंच आहे.

आणि एसडॅट सापडतच नसेल तर? काही गेममध्ये तो एलझेड७७ या कॉम्प्रेशन पद्धतीने दाबून ठेवलेला असतो. आधी उलगडा, मग शोधा. सापडूनही ट्रॅकला नावं नसतील तर तुमचं काही चुकलेलं नाही. नावांचा भाग ऐच्छिक असतो आणि कित्येक गेममधून तो काढून टाकलेला असतो.

पीएसपी: चुकीची फाइल, बरोबर आवाज

सोनीच्या पीएसपी या यंत्राच्या डिस्कवर जागा भरपूर होती, त्यामुळे इथे बरंचसं संगीत रेकॉर्ड केलेलंच सापडतं, एटी३ फाइलींमध्ये. आयएसओ, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी प्रत, सेव्हन-झिपने उघडतं. सीएसओ, म्हणजे तीच प्रत दाबून लहान केलेली, असेल तर आधी त्याचं आयएसओ करून घ्या. नवखे लोक पीएसपी_गेम फोल्डरमध्ये एसएनडी०.एटी३ बघून खूश होतात. ते गेमचं संगीत नाही. मेन्यूत गेमच्या चित्रावर थांबलं की वाजणारा तो छोटा तुकडा आहे. खरा माल सहसा यूएसआरडीआयआर फोल्डरमध्ये असतो, अनेकदा कुठल्या तरी मोठ्या गठ्ठ्याच्या पोटात.

एटी३ चं नाव बदलून डब्ल्यूएव्ही करण्याची युक्ती चालत नाही. दोन्हींची सुरुवात रिफ या अक्षरांनी होते, म्हणून प्लेअर फसतो, पण आतला आवाज ॲट्रॅक या सोनीच्या कॉम्प्रेशन पद्धतीत दाबलेला असतो. तो डिकोडच करावा लागतो.

लूप, वेग आणि खरखर

गेमचं संगीत संपत नाही, फिरत राहतं. सुरांच्या यादीवर चालणाऱ्या फॉरमॅटमध्ये लांबी ठरवली नाही तर डब्ल्यूएव्ही बनतच राहते आणि डिस्क भरते. व्हीजीएमस्ट्रीम लूप असलेला ट्रॅक आपणहून दोनदा वाजवून १० सेकंदांत विरवतं. एफएफएमपेग हे सर्वसाधारण टूल लूपकडे न बघता फाइल एकदा सरळ डिकोड करतं. एकाच ट्रॅकची लांबी दोन ठिकाणी वेगळी आली म्हणून डोकं धरून बसू नका.

नमुने ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्राममध्ये कच्चा डेटा म्हणून उघडत असाल तर दोन गोष्टी तपासा. ११,०२५ हर्ट्झचा नमुना ४४,१०० ने उघडला तर तो चौपट वेगाने, दोन सप्तकं वर वाजतो. आणि ८-बिट नमुना चिन्हसहित (साइन्ड) असताना चिन्हरहित (अनसाइन्ड) निवडला तर नुसता करकराट ऐकू येतो. गेम बॉय ॲडव्हान्सचे आणि डीएसचे ८-बिट नमुने चिन्हसहित असतात.

सगळं बरोबर करूनही गेम बॉय ॲडव्हान्सचा आवाज हेडफोनवर थोडा खरखरीत लागेल. ती खरखर पुसायला लोक नॉइज रिडक्शन लावतात आणि झांजांची धार घालवून बसतात. माझ्या मते तिला हात लावू नये. नमुन्यांसाठी असलेले दोन्ही चॅनेल ८-बिटचे होते, त्यामुळे ती खरखर मूळ यंत्रातूनही ऐकू यायची.