बव्हेरियाच्या ड्यूकची वंशावळ कशी मांडावी

उदाहरणाला जर्मनीतल्या बव्हेरियाचा ड्यूक, लांड्सहूटचा गेओर्ग (१४५५–१५०३) घेऊ. नावाआधी शाखा लिहा. १३९२ मध्ये बव्हेरियाची वाटणी झाल्यावर लांड्सहूट, इंगोलश्टाट, म्युनिक, तिन्हीकडचे धनी ‘बव्हेरियाचे ड्यूक’च. ‘श्रीमंत’ या बिरुदावर तर मुळीच विसंबू नका; आजोबा हाइनरिश, वडील लुडविग आणि गेओर्ग, तिघांनाही तेच!

खरी गफलत तारखांत होते. कागदपत्रांत दिवस सणावरून मोजलेला असतो. पोलंडची राजकन्या हेडविग हिच्याशी गेओर्गचं लग्न संत मार्टिनच्या सणानंतरच्या मंगळवारी, १४७५ मध्ये झालं. सण ११ नोव्हेंबरचा. तेव्हा चालणाऱ्या ज्युलियन पंचांगात त्या दिवशी शनिवार, म्हणून लग्न १४ तारखेला. आजचं ग्रेगोरियन पंचांग मागे ताणलंत, तर १६ येते आणि पुढचा सगळा हिशेब बिघडतो.

अपत्यांत अकाली गेलेले मुलगेही नोंदवा, मुलींना गाळू नका. वारस मुलगा न उरल्याने गेओर्गने राज्य मुलगी एलिझाबेथ आणि जावई रुप्रेश्ट यांच्या नावे केलं. म्युनिकच्या भाऊबंदांनी ते मानलं नाही, युद्ध पेटलं. एलिझाबेथ आणि रुप्रेश्ट दोघंही १५०४ मध्येच वारली. म्हणून १५०५ मध्ये फाल्झ-नॉयबुर्ग हे नवं संस्थान मिळालं ते ओटहाइनरिश आणि फिलिप या नातवांना. त्यांची रेघ आईकडून ओढा.