जुन्या गाडीचं पॉवर स्टिअरिंग जड झालंय? पंप बदलण्याआधी या चुका टाळा

स्टिअरिंग वळवताना पुढून घूंऽऽ आवाज आला की पहिला संशय पंपावर जातो. नवा पंप बसतो, पैसे जातात आणि थोड्याच दिवसांत तोच आवाज परत येतो. चोर सोडून संन्याशाला फाशी! हायड्रॉलिक (पंपाने दिलेल्या ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या) स्टिअरिंगमध्ये बिघाड नेमका कधी जाणवतो हे नीट पाहिलं, तर बरंचसं निदान पाना हातात घेण्याआधीच होतं.

आधी पुढच्या टायरमधली हवा तपासा. हवा कमी असेल तर चांगलं स्टिअरिंगही जड लागतं, आणि नेमकी हीच तपासणी सगळ्यात जास्त राहून जाते. मग पुढची चाकं उचलून गाडी स्टँडवर ठेवा (नुसत्या जॅकवर कधीच नको) आणि इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग फिरवा. थोडा जडपणा लागणारच, कारण रॅकमधलं (चाकं वळवणाऱ्या आडव्या दांड्याच्या नळीतलं) ऑइल हाताने ढकलावं लागतं. पण मध्येच अडकत असेल तर बॉल जॉइंट, स्ट्रटवरचं (पुढच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या वरच्या टोकाचं) बेअरिंग किंवा स्टिअरिंग कॉलमचा (स्टिअरिंगखालच्या दांड्याचा) गंजलेला जॉइंट पाहा. तिथे पंपाचा काही संबंध नाही.

गाडी उभी असताना जड आणि रेज केल्यावर हलकं होत असेल, तर बेल्ट सैल आहे किंवा पंप थकलाय. पूर्ण वळवल्यावर चींऽऽ असा कर्कश आवाज येत असेल तर बहुधा बेल्ट घसरतोय. एकाच बाजूला जड लागत असेल तर दोष रॅकच्या व्हॉल्व्हमध्ये किंवा सीलमध्ये शोधा. पंपाला डावं-उजवं कळत नाही, तो दोन्हीकडे सारखाच दाब देतो.

ऑइल कमी झालं की वरून भरत राहायचं, ही दुसरी मोठी चूक. इंजिन ऑइलसारखं हे ऑइल जळत नाही. पातळी उतरली म्हणजे गळती आहे. जमिनीवर डाग नसेल तर रॅकच्या टोकांचे रबरी बूट दाबून पाहा, सील गेलं असेल तर ऑइल तिथे साचतं. इंजिन चालू असताना मात्र गळती हाताने चाचपू नका. पूर्ण वळवल्यावर अनेक गाड्यांच्या प्रेशर पाइपमध्ये ७० बारहून जास्त दाब असतो, म्हणजे टायरमधल्या हवेच्या तीसपट.

सगळ्यात फसवा बिघाड स्टिअरिंग ऑइलच्या टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या पाइपचा. तिथे पंप ऑइल ओढत असतो, त्यामुळे क्लिप ढिली किंवा ओ-रिंग (जोडावरचं रबरी कडं) कडक झाली तर ऑइल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. गळतीचा थेंबही दिसत नाही, पण टाकीत फेस येतो आणि पंप ओरडतो. कितीतरी चांगले पंप या एका ओ-रिंगपायी बदलले जातात, म्हणून मी फेस दिसला की आधी हाच पाइप पाहायला सांगतो. काही टाक्यांच्या तळाशी जाळी असते. ती गाळाने बुजली तरीही असाच आवाज येतो.

ऑइल कुठलं भरायचं हे टाकीच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये पाहा. काही गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल (एटीएफ) चालतं, काहींना अजिबात नाही. ब्रेक ऑइल तर कधीच नको, त्याने सील फुगून खराब होतात. गळती थांबवणाऱ्या बाटल्याही सील फुगवूनच काम करतात. आराम पडला तरी तो तात्पुरता.

ऑइल बदलल्यावर लगेच इंजिन सुरू करू नका. चाकं उचललेली ठेवून, इंजिन बंद असतानाच स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहा आणि पातळी भरत जा. बुडबुडे थांबले की मग सुरू करा. त्यानंतरही स्टिअरिंग टोकाला पाच सेकंदांहून जास्त धरू नका, ऑइल झपाट्याने तापतं.

गाडीत इलेक्ट्रिक स्टिअरिंग असेल तर ऑइल शोधत बसू नका. बॅटरी, अल्टरनेटर, फ्यूज आणि डॅशबोर्डवरचा दिवा पाहा.

एवढं तपासूनही दोष पंपाकडेच बोट दाखवत असेल, तर प्रेशर गेज लावून खात्री करून घ्या. दाब खरंच कमी निघाला तर पंप जरूर बदला, पण सोबत जुनं काळं ऑइल पूर्ण काढा आणि टाकीची जाळी साफ करा. नाहीतर जुन्या पंपाचा धातूचा चुरा नव्या पंपात जाईल.