घाटावर चित्र काढायला बसताय? या चुका टाळा

वाईच्या गणपती घाटावर किंवा जवळच्या मेणवलीला रविवारी सकाळी चक्कर मारली, तर मांडीवर बोर्ड घेऊन बसलेली दोन-चार माणसे हमखास दिसतात. कुणी नुकतेच निवृत्त झालेले, कुणी पुण्याहून पहाटेची गाडी काढून आलेले, कुणाला डॉक्टरांनी ‘काहीतरी छंद लावून घ्या’ म्हणून बजावलेले. चित्रकलेचे रीतसर शिक्षण बहुतेकांचे नसते. शाळेतल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटवर गाडी थांबलेली. घाटावर येणाऱ्यांत श्रद्धाळू मंडळीही बरीच. देवळासमोर बसायचे, नदी बघायची, हातून काही चांगले उतरले तर ती सेवाच, असा भाव असतो.

जलरंगात काम करणाऱ्या या मंडळींच्या तक्रारी मात्र सारख्याच. रंग मळतो. घरी आल्यावर चित्र काळवंडलेले दिसते. हिरवा कच्चा वाटतो. आणि सगळ्यात शेवटी, जरा दबक्या आवाजात, ‘मन लागत नाही हो.’ माझ्या मते या चौथ्या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा आधीच्या तीन तक्रारींत असते. चित्र बिघडले की माणूस स्वतःच्या निष्ठेवर संशय घेतो. खरे तर दोष ओल्या कागदाचा असतो.

अख्खा घाट एका कागदावर

नवखा माणूस घाटावर पोचला की त्याला सगळेच हवे असते. ढोल्या गणपतीचे शिखर, पायऱ्या, नदी, पलीकडची झाडी, मागचा पांडवगड, शिवाय धुणे धुणाऱ्या बायका. मग अर्धा इम्पिरियल (पूर्ण इम्पिरियल म्हणजे साधारण बावीस बाय तीस इंच) कागद काढतो आणि दोन तासांनी वैतागतो.

त्याऐवजी पूर्ण इम्पिरियलचा आठवा भाग घ्या, म्हणजे साधारण साडेसात बाय अकरा इंच. त्याच्याही आधी वहीत काड्यापेटीएवढे तीन चौकोन आखा आणि प्रत्येकात फक्त तीन छटा भरा: उजेड, मधला, गडद. डोळे किलकिले करून बघितले की घाटाचेही तेवढेच तीन तुकडे दिसतात. पुठ्ठ्याला चौकोनी खिडकी कापून तिच्यातून पाहिले तर काय सोडायचे ते चटकन कळते. सोडणे जड जाते हे खरे. पण ढोल्या गणपतीची नुसती मागची भिंत घेऊन बसलात तरी सकाळ पुरत नाही. १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेल्या या देवळाच्या मागच्या भिंतीला माशाचा आकार दिला आहे, पुराचे पाणी त्यावर फाकून दोन्ही अंगांनी निघून जावे म्हणून. वर्षानुवर्षे दर्शनाला येणाऱ्या कितीतरी जणांनी ती भिंत नीट पाहिलेली नसते. ती रेखाटायला बसलात की पाहावीच लागते, कारण तिची कड कुठे वळते हे कळल्याशिवाय पेन्सिल पुढे सरकत नाही.

ठिकाणही सारखे बदलू नका. या रविवारी वाई, पुढच्या रविवारी मुरुड, त्यापुढे भंडारदरा, अशी वारी चित्रापेक्षा फोटोंच्या कामाची. शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार आबालाल रहिमान कोल्हापुरात कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगा हेच परिसर पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. एकाच जागी परत गेलात की रेखाटनाचा वेळ वाचतो आणि उजेडाकडे लक्ष जाते.

पळत्या सावलीचा पाठलाग

सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो. साडेसातला काढलेली दीपमाळेची सावली नऊ वाजता भलतीकडेच असते. हौशी चित्रकार ती दुरुस्त करतो, मग देवळाची, मग झाडाची, आणि चित्रात दोन सूर्य उगवतात.

बसल्या बसल्या पहिल्या दहा मिनिटांत सावल्यांच्या कडा हलक्या पेन्सिलने पक्क्या करा. नंतर प्रत्यक्षात काहीही होवो, चित्रातली सावली हलवायची नाही. दीड-दोन तासांत काम आवरले नाही तर थांबा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला या. फ्रेंच चित्रकार मोने गवताच्या गंजी रंगवताना (१८९०-९१) अनेक कॅनव्हास सोबत ठेवायचा आणि उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा. आपल्याला इतका सरंजाम नको, दोन छोटे कागद पुरे.

‘घरी आल्यावर काळवंडते’ या तक्रारीचे उत्तरही उजेडातच आहे. कागदावर थेट ऊन पडत असेल तर सगळे रंग झगझगीत दिसतात, म्हणून हात आपोआप गडद जातो. बोर्ड सावलीत ठेवा. छत्री घेणार असाल तर पांढरी किंवा काळी. लाल-निळी लग्नातली छत्री तिचा रंग कागदावर सांडते. गॉगल काढून ठेवा, हे सांगायला नको, पण सांगावे लागते.

ओल्या कागदाला हात लावणे

जलरंगातली नव्वद टक्के दुखणी इथली आहेत, असे म्हटले तर फार चुकणार नाही, म्हणून जरा सविस्तर.

आकाशाचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सपाट थर, टाकला. सुंदर पडला. मग एका कोपऱ्यात जरा फिका वाटला म्हणून ब्रश बुडवून पुन्हा लावला. मिनिटाभरात तिथे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा वेडावाकडा डाग फुलतो. कारण साधे आहे. कागद अर्धवट सुकला होता आणि तुमच्या ब्रशात त्याच्याहून जास्त पाणी होते. त्या पाण्याने आधीचा रंग ढकलत कडेला नेऊन ठेवला. हा डाग पुसायला गेलात की कागदाचा पोत उखडतो आणि मग रंग मळतो. तिथून पुढे चित्र फक्त खाली जाते.

कागद तिरका धरून त्यावरची चमक बघायला शिका. पाणी चमचमते आहे तोवर दुसरा रंग सोडता येतो, तो मऊ पसरतो. चमक गेली पण कागद हाताला गार लागतो, ही धोक्याची वेळ: ब्रश खाली ठेवा. बोटाची पाठ लावल्यावर गार लागला नाही की कागद सुकला, आता वरून दुसरा थर बिनधास्त द्या. चैत्र-वैशाखात हा सगळा खेळ एक-दोन मिनिटांत आटोपतो, म्हणून पाण्याचा फवारा जवळ असू द्या. श्रावणात अर्धा तास गेला तरी कागद सुकत नाही. तेव्हा थर्मासमधला चहा काढा.

ही धोक्याची वेळ खरी परीक्षा घेते. चित्राचा मधला टप्पा नेहमीच कुरूप असतो. आकाश पडले आहे, देऊळ म्हणजे करडा ठोकळा, नदीच्या जागी कोरा कागद. याच वेळी हात शिवशिवतात, काहीतरी सावरावेसे वाटते. श्रद्धा हा शब्द चित्रकलेत कुठे लागू पडत असेल तर तो इथे: पुढचा थर चित्राला सावरेल हे धरून चालायचे आणि हात मांडीवर ठेवायचे. अनुभवी माणसालाही त्या क्षणी खात्री नसते. त्याला फक्त थांबायची सवय झालेली असते.

आणखी दोन गोष्टी. जलरंग सुकल्यावर फिका होतो, म्हणून ओला असताना किंचित जास्त वाटेल इतका गडद टाका. आणि पाण्याची दोन भांडी ठेवा, एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ. कागद ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड, वजनदार), शक्यतो सुती. पातळ ड्रॉइंग पेपरवर वॉश टाकला की त्याच्या वळ्या होतात आणि पाणी खळग्यांत साचते. यात तुमच्या कौशल्याचा काही संबंध नाही.

कच्चा हिरवा, मेलेला काळा

ट्यूबमधला हिरवा थेट झाडाला लावू नका. अल्ट्रामरीन (निळा) आणि गॅम्बोज (पिवळा) मिसळा, त्यात बर्न्ट सिएनाचा (तांबूस तपकिरी) ठिपका टाका. लांबच्या डोंगराकडे जाताना निळा वाढवा. घाटाच्या काळ्या दगडालाही काळी ट्यूब नको: अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनातून बेसाल्टचा करडा हुबेहूब मिळतो, सावलीत निळ्याकडे झुकवा, उन्हात तांबूसकडे.

पायऱ्यांचा प्रश्न

आमच्या रविवारच्या गटातले एक निवृत्त इंजिनियर मेणवलीचा घाट रंगवत होते. कळस नेटका, पाणी झकास. कळशी घेऊन निघालेली एक आजी मागे उभी राहिली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “देऊळ छान काढलंत दादा. पण ह्या पायऱ्यांवरून मी उतरायचं कसं? पडेन की मी.”

तिचे बरोबर होते. डोळ्यांच्या पातळीखालच्या पायऱ्यांचे वरचे पृष्ठ दिसायला हवे, आणि जितकी पायरी खाली तितके ते जास्त दिसायला हवे. चित्रात सगळ्या पायऱ्या सारख्याच जाडीच्या पट्ट्या झाल्या होत्या. चित्र काढण्याआधी पेन्सिल आडवी डोळ्यांसमोर धरा आणि तुमची दृष्टिरेषा देवळावर कुठे येते ते खूण करून ठेवा. त्याच्यावरच्या आडव्या कडा लांब जाताना खाली उतरतात, खालच्या वर चढतात. आणि मागे उभे राहणाऱ्यांना हाकलू नका. ‘फोटो का नाही काढत?’ हा प्रश्न दर खेपेला येणारच, हसून सोडून द्या. पण त्या जागेवर रोज वावरणाऱ्या माणसाला चित्रातले खोटे आधी दिसते.

चित्राकडून पावती मागणे

आता श्रद्धेची सरळ गोष्ट. अनेकांनी मनाशी एक करार केलेला असतो: मी पहाटे उठलो, स्नान करून आलो, नाव घेऊन पहिला ब्रश टेकवला, तर चित्र चांगले व्हावे. झाले नाही की दोन वाटा दिसतात. एक, आपल्यातच काही कमी आहे. दोन, यात काही अर्थ नाही. दोन्ही चुकीच्या. वॉश कधी सुकतो याचा तुमच्या नामस्मरणाशी संबंध नाही, हवेतल्या दमटपणाशी आहे.

व्हॅन गॉगचे उदाहरण इथे लोक नेहमी अर्धेच सांगतात. चित्रकार होण्याआधी तो बेल्जियममधल्या बोरिनाज या कोळसा खाणींच्या भागात धर्मप्रचारक होता. खाणकामगारांसारखाच कंगाल राहायला लागला, ते वरिष्ठांना रुचले नाही आणि १८७९ मध्ये त्याची नेमणूक पुढे चालू राहिली नाही. १८८० मध्ये त्याने चित्रकलेची वाट धरली. श्रद्धेने त्याला सोपा हात दिला नाही. त्याने सुरुवातीची वर्षे रेखाटने आणि नकला घोटण्यात घालवली. पुढे १८८९ मध्ये रंगवलेल्या ऑलिव्हच्या झाडांच्या एका चित्रात, रंगाच्या थरात अडकलेला नाकतोडा २०१७ साली अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या संग्रहालयाला सापडला. बाहेर बसून काम केले की किडे, धूळ, वारा सगळे चित्रात येते. तेव्हा तुमच्या आकाशावर चिलट बसले तर फार मनाला लावून घेऊ नका. सुकल्यावर झटकून टाका, ओले असताना नाही.

बसण्याचा नेम करा, चित्राचा करू नका. दर रविवारी सात ते नऊ बसेन, हे तुमच्या हातात आहे. चांगले चित्र होईल, हे नाही. काही जण रोज एक चित्र करून लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा संकल्प करतात. त्यात चार अंगठे आले नाहीत की दिवस वाया जातो. मला ही पद्धत मुळीच पटत नाही. आठवडाभर चित्र भिंतीला उलटे टेकवून ठेवा, मग बघा.

नदी, विधी आणि आपले सामान

ज्या कृष्णामाईला येताना हात जोडले तिच्यातच जाताना रंगाचे पाणी ओतणारे बघितले आहेत. कॅडमियम आणि कोबाल्टचे रंग विषारी असतात. पाणी बाटलीत भरून परत न्या. त्याच हाताने प्रसाद खाऊ नका, आधी हात धुवा.

घाटावर दशक्रिया चालू असेल तर लांब बसा आणि त्या कुटुंबाला चित्रात घेऊ नका, कितीही ‘सुंदर रचना’ दिसत असली तरी. वाईत कृष्णाबाईच्या उत्सवात घाटावर मांडव पडतात, तेव्हा आधी तिथल्या मंडळींना विचारा. गुरवांना, पुजाऱ्यांना सांगून बसलात तर ते स्वतःच सावलीची जागा दाखवतात. कुठे चढायचे, कुठे चप्पल काढायची, हे त्यांच्याकडूनच समजून घ्या. मेणवलीची घंटा रंगवणाऱ्यांसाठी एक सूचना: वसईच्या १७३९ च्या विजयानंतर आणलेली ही पोर्तुगीज घंटा आहे, तिच्यावर मेरी आणि बाळ येशूची आकृती आहे. लांबून काढली तर ती कुठल्याही देवळाची घंटा होते. जवळ जा, आकृती दिसेल तिथे बसा.

पावसाळ्यात कागद बिघडतो तो असा

कोरा कागद, स्वच्छ ब्रश, तरी वॉशमध्ये गडद ठिपके उमटतात. याचा अर्थ दमट हवेने कागदावरचे सायझिंग गेले आहे, म्हणजे पाणी धरून ठेवणारा थर संपला आहे. हा कागद जलरंगाला पुन्हा उपयोगी पडत नाही, कोळसा किंवा पेस्टलला वापरा. उरलेले कागद प्लॅस्टिकच्या बंद पाकिटात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. पॅन रंगांची (सुक्या वड्यांच्या रंगांची) डबी ओली असताना बंद केली की बुरशी येते. रात्रभर उघडी राहू द्या.

झालेल्या चित्रांच्या मागे पेन्सिलने ठिकाण, वेळ, हवा लिहा. इंग्लंडचा चित्रकार जॉन कॉन्स्टेबल १८२१-२२ मध्ये हॅम्पस्टेडला नुसते ढग रंगवायचा आणि मागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा टिपून ठेवायचा. बिघडलेल्या चित्रांवर तर जरूर लिहा: ‘साडेआठ, ढगाळ, वारा नाही, वॉश सुकायला वीस मिनिटे.’ पुढच्या ज्येष्ठात तसाच दिवस आला की ब्रश कधी उचलायचा ते त्या ओळीवरून कळते.