तारे टिंबासारखे का येत नाहीत? साध्या कॅमेऱ्याने आकाश टिपताना या चुका टाळा

भंडारदऱ्याला पहिल्यांदा गेलो तेव्हा चाळीसेक फोटो काढले. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर सगळे झकास दिसत होते. घरी लॅपटॉपवर उघडले तर एकही तारा टिंबासारखा नाही, सगळे बत्तासे! मी कॅमेऱ्यासोबत आलेल्या १८-५५ मिमीच्या साध्या लेन्सला (किट लेन्सला) नावं ठेवली. पण चूक फोकसची होती, म्हणजे माझीच.

अंधारात ऑटोफोकसला पकडायला काही सापडत नाही. लेन्स नुसती पुढे-मागे घरघरत राहते. मग आपण मॅन्युअलवर जातो आणि रिंग टोकापर्यंत फिरवून मोकळे होतो. इथेच फसगत होते. बहुतेक लेन्सची रिंग अनंताच्याही, म्हणजे खूप दूरच्या वस्तूंच्या फोकसच्याही, थोडी पुढे फिरते. त्याऐवजी लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर थेट दिसणारं चित्र) सुरू करून व्याध किंवा गुरूसारखं ठळक काहीतरी चौकटीत घ्या, पडद्यावरचं चित्र दहापट मोठं करा आणि ठिपका लहानात लहान होईपर्यंत रिंग केसभर इकडे-तिकडे हलवा. जमलं की रिंगवर चिकटपट्टी लावा. त्यानंतर झूमला हात लावायचा नाही, कारण किट लेन्समध्ये झूम बदलला की फोकसही सरकतो. एक फोटो काढून तोही मोठा करून बघा. हे तेव्हा केलं असतं तर माझे ते चाळीस फोटो वाया गेले नसते.

तारे टिंबाऐवजी रेघोट्यांसारखे आले, तर शटर जास्त वेळ उघडं राहिलंय. पृथ्वी फिरते, त्याला आपला इलाज नाही. ढोबळ हिशोब असा: ५०० ला फोकल लांबीने (लेन्सवरचा मिमीचा आकडा) आणि क्रॉप फॅक्टरने (कॅमेऱ्याचा सेन्सर फुल-फ्रेमपेक्षा किती पट लहान, तो आकडा) भागायचं. १८ मिमी आणि १.५ क्रॉप धरले तर १८ सेकंद येतात. हा हिशोब जरा उदार आहे, मी १३ ते १५ वर थांबतो. मृग नक्षत्र खगोलीय विषुववृत्तावर (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या आकाशात) असल्याने तिथे रेघ लवकर दिसते. ध्रुवाजवळ बरीच सूट मिळते. बाकी लेन्सचं छिद्र सर्वांत मोठं, म्हणजे एफ/३.५, ठेवा आणि आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० ला घाबरू नका. काळोखा फोटो नंतर उजळला तर दाणे जास्तच उठतात. फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) ठेवा.

रेघ सरळ नसून वाकडीतिकडी असेल, तर ट्रायपॉड हलतोय. मधला दांडा खाली घ्या, लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) बंद करा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा.

पडद्यावर विश्वास ठेवू नका. काळोखाला सरावलेल्या डोळ्यांना अंधारा फोटोसुद्धा लख्ख वाटतो. हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) बघा, त्यातला डोंगर डाव्या कडेला चिकटलेला असेल तर प्रकाश कमी पडलाय.

कधी आणि कुठे जायचं, यातही लोक चुकतात. पौर्णिमेच्या आसपास आकाशगंगा शोधायला जाऊ नका, भिंतीवरच्या कॅलेंडरात आधी अमावास्या बघा. आकाशगंगेचा गाभा वृश्चिक आणि धनु राशींकडे, म्हणजे आपल्याकडून दक्षिणेला दिसतो. मार्चमध्ये त्यासाठी पहाटेची झोप मोडावी लागते, मेमध्ये रात्री अकरा-बारानंतर जमतं. मग पावसाळा. ऑक्टोबरात अंधार पडताच नैऋत्येला थोडा वेळ मिळतो. गाभा दक्षिणेकडे असल्याने शहराच्या उत्तरेला जाऊन उपयोग नाही: शहराचा पिवळा उजेड नेमका फ्रेममध्ये येतो.

चंद्राचं गणित उलटं. त्याच्यावर ऊन पडलेलं असतं, त्यामुळे ताऱ्यांची सेटिंग लावली की नुसती पांढरी थाळी येते. पौर्णिमेला एफ/११, आयएसओ १०० आणि १/१०० सेकंदापासून सुरुवात करा.

आणि मध्यरात्रीनंतर सगळेच तारे एकाएकी मऊ, धुरकट दिसू लागले, तर फोकसशी झटापट करण्याआधी टॉर्चने लेन्सची काच बघा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथे हमखास दव असतं. शर्टाच्या बाहीने पुसू नका, मी पुसलंय. डाग अजून आहे.