फ्रेंचमधला ‘मर्त्र’: अर्थ लावताना या चुका टाळा

फ्रेंच बातमीत ‘मर्त्र’ दिसला की ‘खून’ लिहून आपण मोकळे होतो. बोलण्यापुरतं ते चालतं, कायद्याच्या मजकुरात नाही. फ्रेंच दंडसंहितेच्या कलम २२१-१ प्रमाणे दुसऱ्याला जाणूनबुजून ठार मारणं म्हणजे मर्त्र. शिक्षा ३० वर्षांपर्यंत. इथे मारण्याचा हेतू लागतो, आधी आखणी केलेली असण्याची गरज नाही. आखणी करून किंवा दबा धरून मारलं, तर तो ‘आसासिना’ (कलम २२१-३) आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत.

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. इंग्रजीच्या सवयीने ‘आसासिना’ म्हणजे बड्या नेत्याची हत्या असं धरलं जातं. फ्रेंचमध्ये मेलेला माणूस कोण होता हा प्रश्नच नाही. शेजाऱ्याला ठरवून मारलं तरी आसासिनाच.

हेतूच नसेल तर मर्त्र लिहू नका. मारहाणीत, ठार मारायचं नसताना माणूस दगावला, तर कलम २२२-७ लागतं, १५ वर्षांपर्यंत. बांधकामावर निष्काळजीपणाने जीव गेला, तर ‘ओमिसिद अँव्होलोंतेर’: ३ वर्षं आणि ४५,००० युरो दंडापर्यंत.

व्युत्पत्तीत लोक लॅटिनकडे धावतात, कारण ‘मॉर’ म्हणजे मृत्यू हा शब्द समोर दिसतो. तो लॅटिनचाच, पण मर्त्र आला फ्रँक लोकांच्या जर्मानिक बोलीतून, ‘मर्त्रिर’ या क्रियापदावरून. मुळाशी मात्र दोघेही एकाच घराण्यातले आणि आपला ‘मृत्यू’सुद्धा त्याच कुळातला, म्हणून हे साम्य इतकं फसवं.

जुन्या फ्रेंचमध्ये मर्त्रिर म्हणजे ठार मारणं. आज त्याचा अर्थ मुका मार लागणं. ‘पॉम मर्त्री’ म्हणजे दबून डागाळलेलं सफरचंद. मारण्यासाठी ‘त्युए’ वापरा, ठरवून मारण्यासाठी ‘आसासिने’. ‘मर्त्रियेर’ म्हणजे खुनी स्त्री, हे खरं. पण किल्ल्याच्या वर्णनात तोच शब्द आला तर त्या तटातल्या जंग्या असतात, बाण सोडायच्या अरुंद फटी. तिथे खुनी बाई शोधायला जाऊ नका.

उच्चारात पहिला स्वर आपल्या ‘अ’सारखा नाही: जीभ ‘ए’च्या जागी, ओठ गोल. ‘आसासिना’च्या शेवटचा ‘त’ लिहितात, उच्चारत नाहीत. दोन्ही शब्द पुल्लिंगी.