‘इन्कम टॅक्समधून बोलतोय’ असा फोन आला तर

मी डोंबिवलीत लोकांची रिटर्न्स भरून देते. क्लायंट बरेचसे निवृत्त: शिक्षक, बँकेतले, रेल्वेतले. आयुष्यभर टीडीएस कापून घेतलेली, एक रुपया बुडवायची हिंमत नसलेली माणसं. आणि गंमत बघा, इन्कम टॅक्सच्या नावाने येणाऱ्या फोनला सगळ्यात जास्त घाबरतात तीच. ज्यांची खरोखर भानगड असते ते शांतपणे म्हणतात, ‘माझ्या सीएशी बोला.’

हा प्रकार जवळून बघायला मिळाला तो माझ्याच ऑफिसात. एक निवृत्त शिक्षिका कागद घेऊन आल्या होत्या, तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. पलीकडचा म्हणाला, ‘मैं इनकम टैक्स हेडक्वार्टर से सीनियर ऑफिसर बोल रहा हूँ.’ बाई खुर्चीत एकदम सावरून बसल्या, पदर नीट केला आणि ‘हां साब’ म्हणाल्या. फोनवर! मी खुणेने स्पीकर लावायला सांगितला. त्याने त्यांचा पॅन धडाधड वाचून दाखवला, बरोबर होता. मग एफडीचं व्याज लपवलंय, केस झाली आहे, वॉरंट निघालंय, संध्याकाळपर्यंत भरलं तर ‘सेटल’ होईल. आणि आवाज खाली आणून, ‘घर में किसी को मत बताइए, आप ही की बदनामी होगी.’

मी पाकिटाच्या मागे लिहून दिलं, ‘डीआयएन विचारा.’ डीआयएन म्हणजे खात्याच्या पत्रावर छापलेला नंबर. बाईंनी विचारला. पठ्ठ्याने क्षणभरही न अडखळता लांबलचक नंबर सांगितला! वर म्हणतो, ‘लिख लीजिए, और लाइन पे ही रहिए.’

हे मुद्दाम सांगतेय. ‘डीआयएन विचारा म्हणजे चोर पळतो’ असा सल्ला फिरतो, पण नुसतं विचारून काही होत नाही. नंबर कुणीही सांगेल. तो तपासायचा असतो, आणि तपासायला फोन ठेवावा लागतो. नेमका तोच त्याला ठेवू द्यायचा नसतो.

‘लाइनवर राहा’ ही काही आजची युक्ती नाही. ऑक्टोबर 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर धाड घातली होती, आठवतंय? सातशेच्या वर पोरंपोरी एका रात्रीत ताब्यात घेतली होती. तिथून अमेरिकेत फोन जायचे, आयआरएसचे, म्हणजे तिथल्या आयकर खात्याचे अधिकारी असल्याचं सांगून. कर थकलाय, पोलीस दारात येतील, आत्ताच्या आत्ता भरा. आणि भरायचं कशाने, तर दुकानातून आयट्यून्सची गिफ्ट कार्डं घेऊन त्यावरचे नंबर फोनवर वाचून दाखवायचे. माणूस दुकानात जाऊन येईपर्यंत फोन चालूच ठेवायला लावायचे, कारण मध्ये फोन तुटला की तो बायकोला नाहीतर पोराला विचारणार आणि सगळं मुसळ केरात. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय खात्याने अहमदाबादच्या कॉल सेंटरांसह पन्नासहून जास्त जणांवर आरोप ठेवले. आपल्याकडे गिफ्ट कार्डाच्या जागी यूपीआय आलं, बाकी साचा तोच: सरकारी आवाज, धाक, घाई, गुपित.

आता आपलं आयकर खातं खरोखर कसं वागतं ते सांगते, म्हणजे खोटं लगेच कानाला खटकेल. तुमच्या रिटर्नमध्ये काही कमी-जास्त निघालं तर बेंगळुरूच्या सीपीसीमधून, म्हणजे रिटर्न्स तपासणाऱ्या केंद्रातून, कलम 143(1)ची सूचना ईमेलवर येते आणि आयकराच्या ई-फाइलिंग पोर्टलवर तुमच्या लॉगिनमध्येही दिसते. कर निघत असेल तर डिमांड नोटीस येते, भरायला सहसा 30 दिवस असतात. पटत नसेल तर ‘मान्य नाही’ असं पोर्टलवरच कळवता येतं. पैसे भरायचे ते चलन काढून, पोर्टलच्या ‘ई-पे टॅक्स’मधून. कुणाच्या मोबाइल नंबरवर, क्यूआर कोडवर किंवा ‘सरकारी लॉकर अकाउंट’वर इन्कम टॅक्स भरला जात नाही. रिफंडही तुम्ही पोर्टलवर आधी व्हॅलिडेट केलेल्या, म्हणजे पडताळून घेतलेल्या, बँक खात्यातच येतो. त्यासाठी ओटीपी, कार्डाचा नंबर, पिन काही लागत नाही. ‘रिफंड मंजूर झालाय, ही रिक्वेस्ट ॲक्सेप्ट करून पिन टाका’ म्हणणारा पैसे द्यायला नाही, घ्यायला बसलाय.

खात्याचे खरे एसएमएस आणि ईमेलसुद्धा येतात, तेव्हा सगळंच खोटं समजून कचऱ्यात टाकू नका. निर्णय फोनवर करायचा नाही, पोर्टलवर करायचा, इतकंच. लिंकवर बोट न लावता ब्राउझरमध्ये स्वतः पत्ता टाइप करायचा: इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन. पहिल्याच पानावर क्विक लिंक्समध्ये ‘ऑथेंटिकेट नोटीस/ऑर्डर इश्यूड बाय आयटीडी’ असा पर्याय आहे, लॉगिनही लागत नाही. तिथे पॅन आणि बाकीचा तपशील टाकून किंवा सरळ डीआयएन टाकून बघा. हा डीआयएन 1 ऑक्टोबर 2019 पासून खात्याच्या पत्रांवर छापतात. नोटीस खरी असेल तर तिथे सापडते. मग लॉगिन करून ‘पेंडिंग ॲक्शन्स’ उघडा. त्यात ई-प्रोसीडिंग्ज (चालू कार्यवाही) आणि आउटस्टँडिंग डिमांड (थकलेला कर) दोन्ही दिसतं. लॉगिनचं जमत नसेल तर मुलीला, भाच्याला, तुमच्या रिटर्नवाल्याला सांगा. घाई कसली आहे? खऱ्या नोटिशीला संध्याकाळची मुदत नसते.

त्या बाईंचं काही निघालं नाही. व्याज दाखवलेलं होतं, मीच भरलं होतं रिटर्न. त्यांना सतावत होतं वेगळंच: ‘माझा पॅन त्याला कसा कळला?’ पॅनची झेरॉक्स आपण कुठे कुठे देतो ते आठवा: सिमकार्ड, हॉटेल, सोनार, पतपेढी, सोसायटी. पॅन माहीत असणं म्हणजे अधिकारी असणं नव्हे. तोच हिशोब व्हॉट्सॲपवरच्या ओळखपत्राचा आणि व्हिडिओ कॉलमागच्या अशोकस्तंभाचा. व्हिडिओ कॉलवरच अटक झाल्याचं सांगतात तो ‘डिजिटल अटक’ नावाचा प्रकार तर आपल्या कायद्यात कुठेच नाही.

लोक फोनला काय काय उत्तरं देतात त्याचाही एक अभ्यास होईल. काही जण माफीच मागायला लागतात. काहींना वाटतं आपण हुशार, याला जरा खेळवू. ‘साहेब, माझं स्विस बँकेत खातं आहे’ वगैरे. मित्रांत सांगायला किस्सा बरा, पण बोलण्याच्या नादात बँक कुठली, घरी कोण असतं हे सहज निसटतं, आणि हा नंबर उचलला जातो एवढं तर त्यांना पक्कं कळतंच. शिव्या घालण्यातही अर्थ नाही. घरातल्या ज्येष्ठांना मी एकच वाक्य पाठ करायला लावते, फोनजवळच्या कॅलेंडरवर लिहून ठेवायला सांगते: ‘जे असेल ते पोर्टलवर पाठवा, मी बघते.’ आणि फोन बंद. उद्धटपणा होत नाही, त्यामुळे शाळामास्तरांनाही जमतं. ‘खोटं वाटलं तर ठेवा’ हा सल्ला त्यांच्या कामाचा नाही, कारण त्यांना तो साहेब खराच वाटतो. नंतर तो नंबर दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवर, ‘चक्षू’ या सोयीतून कळवून टाका.

एपीके फाइलपासून, म्हणजे मेसेजमधून येणाऱ्या ॲपच्या फाइलपासून, मात्र लांबच राहा. ‘रिफंडचं ॲप’ म्हणून येणारी फाइल टाकली की तुमचे एसएमएस, म्हणजे ओटीपी, परस्पर वाचले जातात. सप्टेंबर 2021 मध्ये सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने ‘ड्रिनिक’ नावाच्या अशाच व्हायरसबद्दल इशारा दिला होता. तो आयकर रिफंडच्याच नावाने पसरत होता. एनीडेस्कसारखं स्क्रीन दाखवणारं ॲपही कुणाच्या सांगण्यावरून टाकू नका. टाकलंच असेल तर आधी मोबाइलचं इंटरनेट आणि वायफाय बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला गाठा.

पैसे गेले असतील तर रडत बसायच्या आधी 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन फिरवा. किती रक्कम, किती वाजता, कुठल्या खात्यातून, व्यवहाराचा नंबर काय, हे समोर घेऊन बसा. चोराने पैसे पुढे सरकवण्याआधी ते खातं गोठवता आलं तरच काही हाती लागतं, म्हणून ‘मुलगा ऑफिसातून आला की बघू’ असं करू नका. बँकेलाही लगेच कळवा आणि तक्रारीचा नंबर मागून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या 2017च्या परिपत्रकाप्रमाणे, ओटीपी तुम्हीच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमच्या माथी, कळवल्यानंतरचं बँकेच्या. त्यानंतर सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार पूर्ण करायची.

आणि एक गोष्ट हटकून राहून जाते. आधारचा ओटीपी फोनवर दिला असेल तर त्याने तुमच्या ई-फाइलिंगचा पासवर्ड बदलता येतो. तेव्हा आत जाऊन पासवर्ड बदला, प्रोफाइलमध्ये मोबाइल आणि ईमेल तुमचाच आहे का ते बघा, ‘ई-फाइलिंग व्हॉल्ट’मधली जादा सुरक्षा चालू करा. मग बँक खात्यांची यादी उघडून रिफंडसाठी कुठलं खातं निवडलेलं आहे तेही तपासा. अनोळखी दिसलं तर रिफंड निघायच्या आत ते काढून तुमचं खातं लावा.