'द रेसलर' बारकाईने पाहायचा असेल तर

डॅरेन अरोनॉफ्स्की दिग्दर्शित 'द रेसलर' (२००८) ही रँडी 'द रॅम' रॉबिन्सन या उतरणीला लागलेल्या अमेरिकन कुस्तीपटूची गोष्ट आहे. कथानक दोन-चार वाक्यांत सांगून होईल इतके साधे असल्यामुळे केवळ 'पुढे काय होते' या उत्सुकतेने पाहणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. म्हणून चित्रपट पाहताना लक्ष रँडीच्या शरीरावर आणि त्या शरीराकडे पाहणाऱ्या कॅमेऱ्यावर ठेवावे.

सुरुवातीलाच एक गोष्ट ध्यानात घ्यावी, ती म्हणजे आपल्याकडच्या तालमीतील कुस्तीचे निकष येथे लावू नयेत. या कुस्तीचा निकाल आधीच ठरलेला असतो आणि दोन्ही मल्ल लढतीपूर्वी एकत्र बसून डाव आखतात. शरीरावर होणारा आघात मात्र खराच असतो. सुरुवातीच्या एका लढतीपूर्वी रँडी पात्याचा बारीक तुकडा मनगटावरच्या चिकटपट्टीत लपवतो आणि लढत रंगात आल्यावर त्याच तुकड्याने स्वतःचे कपाळ चिरून घेतो, कारण जमलेल्या प्रेक्षकांना रक्त पाहायचे असते. हा प्रसंग मागे नेऊन पुन्हा एकदा अवश्य पाहावा. रोजचे काम उरकावे तितक्या सराईतपणे तो हे करतो आणि मजुरीने झिजलेल्या माणसाची ही कहाणी आहे, याची पहिली स्पष्ट खूण येथेच सापडते. पुढे स्टेपलर आणि काटेरी तारांची एक लढत आहे. ती सहन होणार नसेल तर पुढे सरकवावी. नग्नता, अमली पदार्थ आणि हिंसा असल्यामुळे हा चित्रपट मुलांना दाखवू नये.

यानंतर कॅमेऱ्याकडे वळावे. श्रेयनामावलीत १९८०च्या दशकातील कात्रणे आणि जाहिराती झळकतात. त्यानंतर वीस वर्षांनंतरचा रँडी प्रथम दिसतो तो पाठमोरा, खोकत बसलेला. छायाचित्रणकार मारीस अल्बर्टी यांनी १६ मिमी फिल्मवर, हातात धरलेल्या कॅमेऱ्याने त्याचा असाच मागून पाठलाग केला आहे. प्रत्येक प्रसंगात कॅमेरा त्याच्या पाठीमागे आहे की चेहऱ्यासमोर, एवढी एकच नोंद वहीत करत गेलात, तरी दिग्दर्शकाची पद्धत उलगडू लागेल.

या दृष्टीने सर्वांत समृद्ध प्रसंग सुपरमार्केटमधला आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर कुस्ती सोडावी लागलेला रँडी खाद्यपदार्थांच्या काउंटरवर कामाला निघतो. मागच्या बोळांतून त्याची पाठमोरी चाल दिसते, तेव्हा आखाड्यातील गर्दीचा आवाज चढत जातो आणि तो काउंटरपाशी पोहोचताच तो आवाज थांबतो. हा भाग एकदा आवाज बंद करून आणि एकदा डोळे मिटून अनुभवावा. दोन्हींतला फरक कोणत्याही समीक्षणापेक्षा अधिक शिकवतो, असे माझे ठाम मत आहे. छातीवर लावलेल्या बिल्ल्यावरचे 'रॉबिन' हे खरे नावही नजरेतून सुटू देऊ नये.

बाप-लेकीच्या प्रसंगांत लेखन काहीसे ठरावीक वळणाने जाते. लेकीच्या भूमिकेतील इव्हान रेचल वुड आणि रँडी साकारणारे मिकी रूर्क यांच्या अभिनयामुळेच ते तरून जाते, त्यामुळे तेथे संवादांपेक्षा चेहरे पाहावेत. मरिसा टोमेई यांनी साकारलेल्या नर्तकीकडे मात्र पूर्ण लक्ष द्यावे, कारण तीही वय वाढत चाललेल्या शरीरावरच पोट भरते आणि रँडीची कोंडी तिच्याइतकी दुसऱ्या कोणालाच कळत नाही.

रूर्क यांची पार्श्वभूमी पहिल्यांदा चित्रपट पाहून झाल्यावरच वाचावी. १९९१ मध्ये त्यांनी व्यावसायिक मुष्टियुद्धाकडे मोर्चा वळवला होता आणि त्यात त्यांच्या चेहऱ्याला गंभीर दुखापती झाल्या. या भूमिकेसाठी त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले, तर चित्रपटाला व्हेनिस चित्रपट महोत्सवात सुवर्णसिंह हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. हे आधीच ठाऊक असेल तर प्रेक्षक पात्राऐवजी नटाचे चरित्र शोधत बसतो.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी येथे थांबावे. अखेरच्या लढतीत रँडी आखाड्याच्या कडेच्या दोरावर चढतो, उडी घेतो आणि पडदा काळा होतो. गटाने चित्रपट पाहिल्यास 'तो जगला का' या प्रश्नावर चर्चा अडकू देऊ नये. उडी घेण्यापूर्वी तो पडद्याआडच्या ज्या जागेकडे पाहतो तेथे कोण उभे होते आणि आता कोण नाही, येथून चर्चेला सुरुवात करावी.